शाईचे भांडे

सोनगीर म्हटले की खानदेशातल्या माणसाला दोन गोष्टी आठवतात. एक म्हणजे मुंबई-आग्रा महामार्गावरून जाताना दिसणारी किल्ल्याची टेकडी आणि दुसरी म्हणजे तांब्या-पितळेची भांडी. धुळ्याच्या उत्तरेला वीसेक किलोमीटरवर हे गाव आहे. १८८० साली निघालेल्या खानदेशच्या सरकारी गॅझेटियरनेही इथल्या तांब्या-पितळेच्या कामाची नोंद घेतली आहे. स्टील आणि प्लास्टिक आल्यापासून मागणी घटली, तरी सोनगीरचा हंडा आणि सोनगीरची कळशी हे शब्द लोकांच्या तोंडातून गेलेले नाहीत.

आता विषय फाउंटन पेनाचा, आणि सुरुवात हंड्या-कळशीने, हे तुम्हाला चमत्कारिक वाटेल. पण भांड्यांच्या गावात वाढल्यामुळे मला पेन हे नेहमी एक भांडेच वाटत आले आहे. आपण वापरतो त्यांतले बहुधा सर्वांत लहान भांडे. पेनाविषयी लिहिणारे लोक निबेविषयी लिहितात, सोन्याच्या टोकाविषयी लिहितात, कंपन्यांच्या नावांविषयी लिहितात. तांबटाला मात्र तीनच प्रश्न पडतात. भरायचे कुठून, सांधा कुठे, आणि गळणार कुठून? फाउंटन पेनाचा गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास या तीन प्रश्नांभोवतीच फिरला आहे, आणि त्यांना आपल्याकडे मिळालेले उत्तर युरोप-अमेरिकेतल्या उत्तरापेक्षा वेगळे आहे.

त्याआधी बोरूची थोडी आठवण काढू. धुळ्याला इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस वारले आणि १९२७ साली त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. तिथली मोडी कागदपत्रे पाहण्याचा योग आला तर मजकूर वाचता आला नाही तरी शाईकडे पाहा. काही अक्षरे गडद असतात, मग रंग हळूहळू फिका होत जातो आणि एकदम पुन्हा गडद होतो. जिथे गडद होतो, तिथे लिहिणाऱ्याने बोरू दौतीत बुडवलेला असतो. दोनशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या कारकुनाचा हात कुठे थांबला, हे आज आपल्याला मोजता येते. मोडी ही हात न उचलता लिहायची लिपी खरी, पण दौतीसाठी हात उचलावाच लागे. शाईचे भांडे हातातच घेता आले तर हा थांबा टळेल, एवढीच फाउंटन पेनामागची मूळ कल्पना.

कल्पना सोपी, पण अडचण शाईपासूनच सुरू झाली. आपली जुनी शाई काजळाची. दिव्याचे काजळ आणि डिंक घोटून ती बनवत. ती काळाला पुरून उरते, उन्हाने उडत नाही, म्हणून तर ती कागदपत्रे आज वाचता येतात. पण काजळ पाण्यात विरघळत नाही, त्याचे बारीक कण नुसते तरंगत असतात. बोरूला त्याचे काही वाटत नाही. पेनाच्या केसासारख्या बारीक खाचेत मात्र ते कण आणि तो डिंक वाळून बसले की पेन कायमचे मुके. म्हणून पेनाबरोबर शाईही बदलावी लागली, पाण्यात पूर्ण विरघळणाऱ्या रंगांची शाई आली. महाराष्ट्रात या शाईचे नाव घराघरांत पोहोचवले ते दांडेकर बंधूंनी. १९३१ साली मुंबईत गिरगावात त्यांनी शाईची पूड आणि वड्या करायला सुरुवात केली, छाप होती घोड्याची. पुढे उंट आला, आणि कॅमलची निळी बाटली प्रत्येक शाळेत दिसू लागली.

आता भांड्याकडे वळू. लुइस वॉटरमन या अमेरिकन माणसाने १८८४ साली आपल्या पेनाचे पेटंट घेतले. तो विमा एजंट होता, सहीच्या वेळी पेनातून शाई सांडली, करार हातचा गेला आणि म्हणून त्याने नवे पेन केले, ही गोष्ट पुष्कळांनी वाचली असेल. अभ्यासकांनी शोध घेतला तेव्हा तिला त्या काळच्या कागदपत्रांत आधार सापडला नाही. ती नंतरच्या जाहिरातींतून पसरलेली आहे. वॉटरमनचे खरे काम निबेखालच्या जिभेत आहे. भांड्यातून शाई बाहेर यायची तर तेवढी हवा आत जायला हवी. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल गचके खात येते, तसे पेनाचे होऊ नये म्हणून त्याने जिभेला बारीक खाचा पाडल्या, आणि शाई बाहेर व हवा आत असा व्यवहार शांतपणे होऊ लागला.

वॉटरमनचे पेन भरायचे कसे? गळा फिरवून काढायचा, नळीत ड्रॉपरने शाई सोडायची, पुन्हा आवळायचे. म्हणजे तुमच्या-माझ्या शाळेतले पेन. त्यात यंत्र असे काहीच नव्हते. पण भरताना बोटे निळी होतात आणि ड्रॉपर जवळ बाळगावा लागतो, ही पाश्चात्त्य गिऱ्हाइकांची तक्रार होती. पुढची पन्नास-साठ वर्षे तिकडच्या कारखानदारांनी ड्रॉपर घालवण्यात खर्ची घातली. कॉन्क्लिनने पेनाच्या अंगावर चंद्रकोरीसारखी पट्टी बसवली. ती दाबली की आतली रबरी पिशवी चेपायची आणि सोडली की शाई ओढून घ्यायची. मार्क ट्वेन त्या पेनावर खूश होता, कारण पट्टीमुळे ते टेबलावरून गडगडत जात नसे. इंग्लंडमध्ये १९०५ साली ओनोटोचे दट्ट्याचे पेन आले. शेफर या अमेरिकन जवाहिऱ्याने १९०८ साली नळीच्या कडेला तरफ बसवण्याचे पेटंट घेतले. १९२९ साली जर्मनीत पेलिकनने फिरकीचा पिस्टन आणला, १९३३ साली पार्करने रबरी पडद्याचे व्हॅक्युमॅटिक आणले. मग काचेचे कार्ट्रिज आले आणि १९५० च्या दशकात प्लास्टिकचे. ही सगळी नावे पाठ करण्यासारखी नाहीत. पण एक गोष्ट ध्यानात घ्या, प्रत्येक युक्ती भांड्याच्या पोटात आणखी एक वस्तू घालत होती.

इथेच आपली आणि त्यांची वाट फुटते. रबरी पिशवीचे पेन थंड मुलखात दहा-वीस वर्षे चालेल. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळीसच्या पुढे जातो, पत्र्याच्या घरात त्याहून वर. उष्णतेने रबर आधी चिकट होते, मग कडक होते, मग त्याचा चुरा होतो. नवी पिशवी आणायची कुठून? स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधने आली तेव्हा तर परदेशी पेनाचा सुटा भाग मिळणे हे नशिबावर सोडावे लागे. अशा वेळी आपल्याकडच्या दुरुस्तीवाल्यांनी एक साधे काम केले. कुजलेली पिशवी काढून टाकली, तरफ काढली, भोक असेल तर बुजवले, आट्यांना मेण लावले आणि पेन पुन्हा ड्रॉपरचे केले. ज्या यंत्राच्या शोधासाठी पेटंटे घेतली, खटले लढवले गेले, ते यंत्र आमच्याकडे चिमट्याने बाहेर ओढून टेबलावर ठेवले जायचे. या कामाचे पेटंट कुणी घेतले नाही, म्हणून पेनाच्या इतिहासाच्या पुस्तकांत ते दिसत नाही.

आपल्या कारखानदारांनीही तीच वाट धरली. बनारसचे डॉ. राधिकानाथ साहा यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच 'लक्ष्मी' नावाचे स्टायलो पेन काढले होते. राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी स्वदेशीच्या प्रेरणेने पेन घडवले आणि ते हाती पडल्यावर गांधीजींनी जुलै १९३५ मध्ये त्यांना पत्र पाठवले. मुंबईत एअरमेलची 'वॅलिटी' पेने निघाली. गावोगावच्या छोट्या कारखान्यांत एक लेथ, एबोनाइटच्या कांड्या आणि एक जाणता कारागीर एवढ्या भांडवलावर पेन तयार होई. रबरी पिशवी करायला रसायनांचा कारखाना लागतो, पिस्टन करायला अचूक साचे लागतात. नुसती पोकळ नळी करायला लेथ पुरते. ड्रॉपरचे पेन ही आपली आवड कमी आणि हिशेब जास्त होता, असे माझे मत आहे. नंतर आवड झाली ती सवयीने.

या आडवाटेवर जपान्यांनी केलेली करामतही सांगायला हवी. त्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ड्रॉपरच्या पेनाच्या पोटातून एक बारीक सळी घातली. मागची घुंडी आवळली की सळीचे टोक पुढच्या भोकात बूच होऊन बसायचे आणि पेन खिशात गळेनासे व्हायचे. भांडे तसेच ठेवून त्यांनी त्याला झाकण दिले. आपल्याकडे ही युक्ती रुजली नाही. आपण खिशाला निळा डाग पडू दिला आणि धोब्याला दोष दिला.

शाळेतली पेने आठवणाऱ्यांना 'पेन गळस' हे अहिराणीतले रडगाणे आठवत असेलच. त्यावर प्रत्येकाचा उपाय ठरलेला. कुणी आट्यांवर दोऱ्याचे दोन वेढे द्यायचा, कुणी मेणबत्ती घासायचा. बाकावर थेंब पडला तर तो खडूने टिपायचा. निबेतून शाई उतरत नसेल तर ब्लेडचे पाते चिरेतून हळूच फिरवायचे. आणि परीक्षेत शेजाऱ्याची शाई संपली तर आपल्या निबेवरून त्याच्या नळीत थेंब मोजून द्यायचे. उधारी थेंबांत चालायची.  चिनी हिरो पेन दिसायला देखणे, पण त्याचा मालक या व्यवहारात कायम घेणेकरी असायचा.

आता आखूड पेनाकडे येतो, कारण या सगळ्या गोष्टीला आज पुन्हा अर्थ आला आहे तो त्याच्यामुळे. जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या कावेको कंपनीने फार पूर्वी 'स्पोर्ट' नावाचे छोटे पेन काढले. बंद असताना ते जेमतेम साडेदहा सेंटिमीटर भरते, टोपण मागे लावले की नेहमीच्या पेनाएवढे होते. १९३० च्या दशकात त्यात पिस्टन होता. कंपनी १९८० च्या सुमारास बंद पडली, नाव १९९० च्या दशकात दुसऱ्यांनी पुन्हा उभे केले, आणि आजच्या पेनात छोटे कार्ट्रिज बसते. जपानातही १९६० च्या दशकात अशी खिशातली पेने निघाली होती. पेन आखूड केले की भांड्याचा प्रश्न बिकट होतो. नळीची लांबी कमी करता येते, पण पिस्टनची फिरकी आणि दट्टा त्या प्रमाणात कमी होत नाहीत. नेहमीचा कन्व्हर्टर आत मावतच नाही. छोट्या कार्ट्रिजमध्ये शाई असते साधारण पाऊण ते ०.८ मिलिलिटर. तेच कार्ट्रिज काढून टाकून नळीच भरली तर दोन मिलिलिटरहून अधिक शाई मावते. मोठ्या पेनात यंत्र काढण्याने फायदा होतो, आखूड पेनात तो जवळजवळ तिप्पट होतो.

म्हणून आज जगभरची हौशी मंडळी काय करतात? आट्यांवर सिलिकॉन ग्रीसचे बोट फिरवतात, गळ्याशी एक बारीक रबरी कडी सरकवतात, नळीत शाई सोडतात आणि आवळतात. आमच्या मेणाचे आणि दोऱ्याचे हे सुधारलेले रूप. ग्रीस मात्र सिलिकॉनचेच हवे. वाहनाचे ग्रीस किंवा व्हॅसलिन रबराला आणि काही प्लास्टिकना बाधते.

माझ्या पुतण्याने दोन वर्षांपूर्वी अशी दोन आखूड परदेशी पेने आणली, एक प्लास्टिकचे आणि एक पितळेचे. प्लास्टिकचे आम्ही दोघांनी मिळून ड्रॉपरचे केले. आधी नळीला कुठे भोक नाही ना, ते पाहिले. काही पेनांच्या नळीला हवेसाठी बारीक छिद्र ठेवलेले असते आणि मग सगळेच मुसळ केरात. नंतर नळीत साधे पाणी भरले, ग्रीस लावून आवळले, आणि कोरड्या वर्तमानपत्रावर रात्रभर आडवे ठेवले. आमच्या गल्लीत नवी कळशी अशीच पाण्याने पारखतात. सकाळी कागद कोरडा होता. मग शाई भरली.

पुतण्याने विचारले, "काका, सांधा कोरडा आहे, मग अर्धे संपल्यावर हे पेन मधूनच थेंब का टाकते?" उत्तर सांध्यात नव्हते, हवेत होते. शाई जसजशी संपते तसतशी तिची जागा हवा घेते. दोन मिलिलिटरच्या नळीत पाव भाग शाई उरली की दीड मिलिलिटर हवा असते. हाताच्या उबेने ती दहा अंशांनी तापली तर सुमारे तीन टक्के फुगते, म्हणजे ०.०५ मिलिलिटर. ड्रॉपरचा एक थेंबही साधारण तेवढाच असतो. आखूड पेनाची नळी जवळजवळ सगळीच मुठीत येते, म्हणून ती लवकर तापते. जिभेच्या कंगव्यासारख्या खाचा यांतली थोडी शाई सांभाळून धरतात, सगळी नाही. उपाय दोन. पाव भाग उरायच्या आत भरून घ्यावे, आणि लिहायला बसण्यापूर्वी टोक वर करून पेन मिनिटभर मुठीत धरावे, म्हणजे फुगलेली हवा शाईला न ढकलता निघून जाते.

पितळेच्या पेनाचेही असेच करावे, असा पुतण्याचा आग्रह होता. पितळ जड, हातात छान बसते, आणि आपण पडलो सोनगीरचे. आमच्या शेजारी एक वयोवृद्ध तांबट राहतात, त्यांना आम्ही आबा म्हणतो. डोळ्यांनी अधू झाले आहेत, पण बोटे अजून बघतात. पेन त्यांच्या हातात दिले. त्यांनी नळी उघडली, आत करंगळीचे नख फिरवले आणि म्हणाले, "ह्यामा ताक ठेवशी का रे?"

पुतण्याला कळले नाही. मला कळले. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक, चिंच, आमसूल असे आंबट काही ठेवले की ते कळकते. तांब्याचा अंश त्यात उतरतो, चव बिघडते, भांड्याला हिरवट थर चढतो. शाईचेही तेच. बऱ्याच शाया थोड्याफार आम्ल असतात, आणि लोह व माजूफळाची जुन्या पद्धतीची शाई तर चांगलीच आम्ल असते. महिनोन्‌महिने ती उघड्या पितळेला लागून राहिली तर धातू खाल्ला जातो, शाईचा रंग पालटतो आणि तयार झालेला गाळ थेट जिभेच्या खाचांत जातो. ॲल्युमिनियमच्या पेनाचीही गत हीच. मग पूर्वी पितळेच्या दौती कशा चालल्या? एक तर काजळाची शाई पितळेच्या वाटेला जात नाही. दुसरे, दौत रुंद तोंडाची, ती घासून धुता येते. पेनाच्या नळीत बोट जात नाही.

"आतून कल्हई केली तर?" पुतण्याने आबांना विचारले. आबा हसले. कल्हईला भांडे तापवावे लागते, नवसागर टाकावा लागतो, आणि वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने आत सगळीकडे पसरावे लागते. पेन्सिलीएवढ्या नळीत बोळा फिरवणार कसा, आणि आट्यांमध्ये कथील बसले तर आवळणार काय? शिवाय कल्हई झिजते. हंड्याला ती पुन्हा करता येते, हे वर्षाकाठी कोण करणार?

तेव्हा पितळी पेन कार्ट्रिजवरच राहिले. तसली कार्ट्रिजे आमच्या गावात मिळत नाहीत, धुळ्यालाही मला दिसली नाहीत. म्हणून औषधाच्या दुकानातून पाच मिलिलिटरची सिरिंज आणली आहे. रिकामे कार्ट्रिज धुवायचे, सुईने शाई भरायची, पुन्हा बसवायचे. तोंड सैल झाले की ते फेकून पुढचे घ्यायचे. पहिलेच अजून चालू आहे. प्लास्टिकचे पेन मी वापरतो. या भाषणाचा मसुदा त्यानेच लिहिला, अकरा पाने झाली, आणि उजेडापुढे धरले तर शाई अजून निम्म्यावर दिसते.